कांगो तापाचा ऑडिओ फिरायलाय, खरं काय? (गोचीड, डेंग्यू, पेशी, सगळंच)

शेळीपालक_धाराशिव (धागाकर्ता)
राम राम मंडळी. आमच्या तालुक्याच्या ग्रुपवर एक ऑडिओ फिरायलाय. कोण बाई आहे माहीत नाही, घाबऱ्या आवाजात सांगायलीय की कांगो ताप आलाय, नाकातोंडातून रक्त येऊन माणूस जातो, शेळ्या-मेंढ्यांपासून होतो, मटण बंद करा, गोठ्यात जाऊ नका. कुठल्या गावची गोष्ट, कधीची, कायबी सांगितलेलं नाही, पण मेसेज पुढं ढकलायला कुणाला लागतंय काय? परिणाम बघा, आठवडी बाजारात बोकडाला गिऱ्हाईक नाही आन जे आलं ते निम्म्या भावात मागायलंय, वरून मलाच विचारतंय "रोगी तर नाही ना". माझ्याकडं सगळ्या उस्मानाबादी शेळ्या, ठणठणीत. घरात बायको लेकरांना गोठ्याकडं फिरकू देईना. आता खरं सांगायचं तर पावसाळ्यापासून गोचीड लई झालेत, आम्ही हातानंच उपटतो, नखावर चिरडतो नाहीतर चुलीत टाकतो. बाप-आजा हेच करत आले, कुणाला काय झालं नाही. तर जाणकारांनी सांगा, हा कांगो ताप खरंच असतो का उगं अफवा? आन मटणाचं काय?

लातूरकर_गडी
अफवा. २०२० मधी कोरोनाच्या धामधुमीत पालघर जिल्हा प्रशासनानं गुजरातमधल्या पेशंटमुळं सावध राहा म्हणून पत्रक काढलं होतं, त्या बातम्यांचे तुकडे आजूनबी फिरतेत. बिनधास्त मटण हाणा.

बालाघाटी
@लातूरकर रोग अफवा नाही भाऊ, ऑडिओ अफवा असू शकतो. दोन्ही वेगळं.

पशुधन_रिटायर
जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी झाली, आता रिटायर. बालाघाटी बरोबर बोलले. क्रायमियन काँगो हेमोरेजिक फीवर असं पूर्ण नाव आहे, १९४४ ला क्रायमियात दिसला, पुढं १९५६ ला काँगोत जो विषाणू सापडला तो तोच निघाला म्हणून जोडनाव. आपल्या देशात पहिल्यांदा पक्का कळला जानेवारी २०११ ला, गुजरातमधी साणंदजवळच्या एका गावातली बाई, आन तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आन नर्सबी गेले. पुण्याच्या एनआयव्हीनं (राष्ट्रीय विषाणू संस्थेनं) तपासून सांगितलं. त्यानंतर गुजरात-राजस्थानात अधूनमधून केसेस आल्यात. देशभर जनावरांचं रक्त तपासलं तेव्हा बऱ्याच राज्यात अँटिबॉडी (विषाणूशी लढायला शरीरानं बनवलेली प्रथिनं) सापडल्या, म्हणजे विषाणू जनावरात फिरून गेलेला आहे, माणसात मात्र क्वचित येतो.

आता मुद्द्याचं. हा पसरतो गोचिडातून, त्यातबी हायलोमा जातीचा गोचीड, पाय पट्टेरी असतेत, जरा मोठा, आन पळत माणसाकडं येतो. जनावराला ह्या रोगानं काहीच होत नाही. ताप नाही, चारा सोडत नाही, दूध तुटत नाही. आठवडाभर विषाणू रक्तात राहतो आन निघून जातो. म्हणून "माझं जनावर ठणठणीत आहे" ह्याला ह्या बाबतीत काही अर्थ नाही शेळीपालक. राग मानू नका.

माणसाला लागतो तो गोचीड चावून, गोचीड उघड्या हातानं चिरडून, नाहीतर जनावर कापताना ताजं रक्त-मांस हाताच्या जखमेला, डोळ्याला, तोंडाला लागून. म्हणजे जास्तीत जास्त धोका पाळणारा, कापणारा आन आमच्यासारखा दवाखान्यातला, ह्यांना. शिजलेलं मटण खाणाऱ्याला नाही. शिजवल्यावर विषाणू राहत नाही, आन कापल्यावर मांस जसं आंबट पडतं तसा त्यातबी मरतो.

शेळीपालक_धाराशिव
रागाचं काय नाही साहेब, उलट बरं सांगितलं. पण मग गोचीड काढायचा कसा? हातमोजे घालून शेळ्या सांभाळणारा माणूस मी तर आमच्या पंचक्रोशीत बघितला नाही 😀

पशुधन_रिटायर
हातमोजे नसले तर दुधाची किंवा किराणाची प्लास्टिक पिशवी हातात घाला, तीबी चालते. गोचीड चिमट्यानं कातडीला लागून धरायचा, सरळ वर ओढायचा, पिळायचा नाही. चिरडायचा तर नाहीच, त्याच्या पोटातच सगळं भरलंय. साबणाच्या नाहीतर फिनेलच्या पाण्याच्या डब्यात टाका, मरतो. अंगाला चिकटलेल्या गोचिडावर रॉकेल ओतणे, तंबाखू लावणे, विडीचा चटका देणे हे बंद करा, तसं केल्यानं तो जास्तच ओकतो. मग साबणानं हात.

आन एक, नुसतं उपटून गोचीड संपत नाही. फुगलेली मादी खाली पडते आन गोठ्याच्या भिंतीच्या फटीत, गव्हाणीखाली, दगडाच्या सांदीत हजारांनी अंडी घालते. तुम्ही शेळीच्या कानातला काढत बसता आन पुढची फौज भिंतीत तयार होऊ लालीय. फटी बुजवा, चुन्यानं गोठा पोतारून घ्या, डेल्टामेथ्रिन नाहीतर सायपरमेथ्रिन डॉक्टरनं सांगितल्या मापात जनावरावर आन गोठ्यातबी मारा. मापात म्हणजे मापात. एका गड्यानं कपाशीवर मारायचं औषध म्हशीवर मारलेलं मी बघितलंय, म्हैस थरथर कापत खाली बसली होती.

गोदाकाठची
माळेगावच्या यात्रेला खंडोबाला जाणारे आम्ही, तिथं एवढी जनावरं येतात, घोडे उंट गाढवं सगळं, मग तिथं काय करायचं? जायचंच नाही का?

पशुधन_रिटायर
जायचं की ताई. जनावरांच्या तळावर पायात बूट आन अंगभर कपडे, घरी आल्यावर अंगावर, काखेत, कानामागं, लेकरांच्या केसात बघायचं, बस्स.

मांजराकाठ_डॉक्टर
मी एमडी मेडिसिन, मराठवाड्यातच प्रॅक्टिस, गाव सांगत नाही. पशुधन काकांनी कांगोबद्दल नेमकं सांगितलं त्यामुळे ते पुन्हा लिहीत नाही, फक्त जोड देते. गोचीड चावल्यावर साधारण १ ते ३ दिवसात, जास्तीत जास्त ९ दिवसात लक्षणं येतात, रक्ताच्या संपर्कातून ५-६ दिवस, जास्तीत जास्त १३. एकदम जोरात ताप, डोकं, कंबर, पाठ, डोळ्यांना उजेड सहन न होणं, मग अंगावर लाल-जांभळे डाग, हिरड्या, नाक. आजार झालेल्यांपैकी १० ते ४० टक्के दगावतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणून तो गांभीर्यानं घ्यायचाच. अशा पेशंटचं रक्त, उलटी, कपडे यांना घरच्यांनी उघड्या हातानं शिवू नये. ठरलेली लस बाजारात नाही. रिबाव्हिरिन हे विषाणूविरोधी औषध देतात, त्याच्या फायद्यावर डॉक्टरांत वाद आहेत. गोठ्यात काम करता, नुकतंच जनावर कापलं, गोचीड चावला असं काही असेल तर ताप आल्यावर डॉक्टरनं न विचारता तुम्ही स्वतः सांगा. ही माहिती आमच्यासाठी रिपोर्टपेक्षा मोठी असते, आणि आम्ही गर्दीत ती विचारायला विसरतो हे पण खरंय.

पण मला वेगळंच लिहायचंय. ताप आणि रक्तस्राव म्हणून माझ्या ओपीडीत जे येतात ते जवळजवळ सगळे डेंग्यूचे. लोक शेळीला घाबरतायत आणि मरण घरातल्या ड्रममध्ये पोसतायत. कांगोचा ऑडिओ ऐकून ज्यांनी मटण सोडलं त्यांच्या न्हाणीघरात जाऊन बघा एकदा.

आरोग्यसेवक_एमपीडब्ल्यू
मॅडम एक नंबर. मी उपकेंद्राला आहे, कंटेनर सर्वे आमच्याच गळ्यात. ऐका कसा असतो ते. दार वाजवलं की पहिलं उत्तर "आमच्याकडं नाहीत डास". आत गेलं की न्हाणीत निळा दोनशे लिटरचा ड्रम, वर फळीचा तुकडा, तोबी अर्धाच. टॉर्च मारायची तिरपी आन थोडं थांबायचं. आधी काही दिसत नाही, कारण आपली सावली पडली की सगळ्या अळ्या तळाला जातात. थोडा वेळ हलायचं नाही, मग एकेक वर यायला लागते, डोकं खाली शेपूट वर, वळवळ करत. घरच्या ताईला वाकून दाखवलं की त्या म्हणणार "अहो ते पिण्याचं नाही, सांडायचं पाणी आहे!" म्हणजे डासाला सांगायचं का आता की बाबा पिण्याच्याच पाण्यात अंडी घाल, सांडायच्यात नको 🙏

आन डेंग्यूचा डास, एडिस, हा गटारीतला नाही. त्याला स्वच्छ साठवलेलं पाणी लागतं. ड्रम, रांजण, हौद, कूलर, फ्रीजच्या मागचा ट्रे, पंक्चरवाल्याचे टायर, बांधकामाची टाकी, गच्चीवरच्या नारळाच्या करवंट्या, पक्ष्यांना ठेवलेलं परळ. दिवसा चावतो, घरातच पलंगाखाली, कपड्यामागं बसतो, लांब जात नाही. म्हणून "शेजारच्या गल्लीतून आले" हे नेहमी खरं नसतं. तुमच्या घरचा डास तुमच्याच लेकराला चावतो.

जालन्याची_ताई
नमस्कार. आरोग्य सेवक दादा तुमचं सगळं पटतं पण एक सांगा, तुम्ही लोक येऊन म्हणता आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करा, पालथी घाला. आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल ते कुणालाच माहीत नसतं, कधी आठवड्यानं कधी त्याच्याही पुढं, उन्हाळ्यात तर विचारू नका, टँकरच्या मागं हंडे घेऊन पळणारी माणसं आम्ही. आणि ते साठवलेलं पाणी मी कोरडा दिवस म्हणून मोरीत ओतून देऊ? सासूबाई मला घराबाहेर काढतील. पुण्या-मुंबईच्या माणसानं लिहिलेलं पोस्टर आमच्या भिंतीवर चिकटवून काय होणार? २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या भागातल्या माणसाला पाणी ओता म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ आहे.

मांजराकाठ_डॉक्टर
ताई, हेच तर आहे. तुम्ही जे बोललात ते आमच्या कॉन्फरन्समध्ये कुणी बोलत नाही. डेंग्यू म्हणजे पावसाळ्याचा आजार असं पुस्तकात असतं, आपल्याकडे तो टंचाईचाही आजार आहे. हिशोब बघा ना, अंड्यापासून उडणारा डास व्हायला उन्हाळी-पावसाळी हवेत साधारण ८ ते १० दिवस. नळ आठवड्यानं येणार म्हणून लोक आठवड्याचं पाणी भरतात, नवीन पाणी आलं की जुन्यावरच भरतात, ड्रम कधीच तळापर्यंत रिकामा होत नाही. डासाला याहून चांगली सोय कोण करून देणार.

आरोग्यसेवक_एमपीडब्ल्यू
ताई पाणी ओतायचं नाहीच, पोस्टर विसरा. ह्या ड्रममधलं पाणी जुन्या धोतराच्या नाहीतर सुती साडीच्या कापडातून गाळून दुसऱ्या भांड्यात घ्या. अळ्या कापडावर राहतात, ते कापड उन्हात कोरड्या मातीवर झटका, पाण्याबाहेर अळ्या मरतात. मग रिकामा ड्रम काथ्यानं नाहीतर खरखरीत ब्रशनं आतून घासा, पाण्याची रेघ असते ना तिथं जोर लावून, कारण अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या वर भिंतीला चिकटलेली असतात आन सुकी राहूनबी महिनोन् महिने जिवंत राहतात. नुसतं खळबळून काढलं की निघत नाहीत. मग तेच पाणी परत ओता आन वर सुती कापड घालून कडेनं दोरीनं ताणून बांधा. झाकण हलतं तिथं डास घुसतो, बांधलेल्या कापडात नाही. थेंबभर पाणी वाया जात नाही.

मोठा हौद असंल, घासता येत नसंल, तर गप्पी मासे नाहीतर टेमिफॉस हे अळ्या मारायचं औषध, आम्ही अबेट म्हणतो, ते मापानं टाकून देतो आम्ही, फुकट.

जालन्याची_ताई
हे असं गाळून घ्यायचं तुमच्या पोस्टरवर कधीच नव्हतं. बरं, धुराची गाडी येते त्याचं काय? आमचे नगरसेवक तर फोटो काढून टाकतात.

आरोग्यसेवक_एमपीडब्ल्यू
धुरानं उडणारे डास मरतात, तेबी समोर आले तर. ड्रममधल्या अळीला धुराचा पत्ताबी नसतो. उद्रेक झाल्यावर करावी लागते, पण दारं-खिडक्या लावून घेतल्या तर घरातला एडिस तसाच. फोटो छान येतो मात्र.

लातूरकर_गडी
माझ्या भाच्याला मागच्या वर्षी झालता. पेशी (प्लेटलेट) तीस हजारावर आल्या, सगळे नातेवाईक रक्तपेढीत पळू लालते, एकानं पपईच्या पानाचा रस, एकानं कीवी, एकानं शेळीचं दूध. पोरगं बरं झालं. कशानं झालं देवाला माहीत.

शेळीपालक_धाराशिव
आता हे बघा गंमत!! इकडं ऑडिओ ऐकून शेळीच्या सावलीला उभं राहीनात, आन गावात डेंग्यू निघाला की हेच लोक फटफटीवर माझ्या दारात, "शेळीचं दूध द्या हो, कितीबी घ्या". मागल्या सिझनला एकानं पाव लिटरला जे दिलं ते सांगितलं तर तुम्ही मला सावकार म्हणताल. मी घेतले, खोटं बोलत नाही.

पाटोदेकर_काका
पपईच्या पानाला नावं ठेवू नका. आमच्या घरात तिघांना झाला, तिघांनाही रस दिला, दोन दिवसात पेशी वर. अनुभव आहे. ऍलोपॅथीवाल्यांना घरगुती उपाय पटतच नाहीत कारण त्यात बिल होत नाही.

मांजराकाठ_डॉक्टर
काका, भांडत नाही. पपईच्या पानावर छोटे अभ्यास झालेत, काहींत प्लेटलेट थोड्या लवकर वाढलेल्या दिसल्या. पण डेंग्यूत प्लेटलेट सहाव्या-सातव्या दिवसानंतर आपोआपच वाढतात, तुम्ही पान द्या, कीवी द्या नाहीतर ज्वारीची भाकरी द्या. रसानं माणूस वाचतो असं कुठंही सिद्ध नाही, आणि तो कडू रस पाजून लेकराला उलट्या करवणं हे मी नेहमी बघते. उलटी होणाऱ्या डेंग्यूच्या पेशंटला अजून उलटी म्हणजे आधीच कमी पडणारं पाणी अजून कमी.

आणि शेळीचं दूध द्यायचंच असेल तर उकळून. कच्चं शेळीचं दूध "औषधी" म्हणून पाजतात, त्यातून ब्रुसेला जंतूचा आजार होतो, तो ताप महिनोन् महिने सुटत नाही, सांधे धरतात. शेळीपालक, तुम्ही विकताना हे एक वाक्य सांगत जा गिऱ्हाइकाला.

आता पेशी. ह्यावर मी तासभर बोलू शकते. सगळं घर एका आकड्याकडे बघत बसतं, सकाळी ४०, संध्याकाळी ३२, स्टेटसला टाकतात. डेंग्यूत माणूस बहुतेक वेळा पेशी कमी झाल्यानं जात नाही. रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, रक्तातला पाण्याचा भाग पोटात, छातीत उतरतो, उरलेलं रक्त घट्ट होतं, बीपी पडतं, त्यानं जातो. त्याची खूण त्याच सीबीसीच्या कागदावर दोन ओळी सोडून असते, हिमॅटोक्रिट किंवा पीसीव्ही. पेशी घसरतायत आणि पीसीव्ही चढतोय म्हणजे गळती सुरू झाली. ती ओळ कुणी स्टेटसला टाकत नाही.

प्लेटलेटची पिशवी कधी लावायची? रक्तस्राव होत नसेल तर १० हजाराच्या खाली गेल्यावर विचार करायचा असं आपली राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तीस हजाराला, पेशंट बसून चहा पितोय, कुठं रक्त नाही, अशावेळी नातेवाइकांनी "पिशव्या लावा नाहीतर दुसरीकडे नेतो" म्हणून डॉक्टरच्या डोक्यावर बसायचं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. आणि काही डॉक्टर लावतात, कारण त्यांनाही मार खायचा नसतो. (हे ऑफ द रेकॉर्ड समजा.)

गोदाकाठची
मॅडम मग घरी कधीपर्यंत ठेवायचं आणि दवाखान्यात कधी पळायचं ते सांगा ना सरळ.

मांजराकाठ_डॉक्टर
सरळ सांगते. ताप उतरण्याचा दिवस सगळ्यात धोक्याचा. तिसऱ्या ते सातव्या दिवसात कधीतरी ताप खाली येतो, घरचे म्हणतात बरं झालं बाई, आणि नेमकी त्याच २४ ते ४८ तासांत गळती होते. लोक तेव्हाच डिस्चार्ज मागतात, शेतात जातात. ताप गेला आणि माणूस खेळायला, जेवायला लागला तर उत्तम. ताप गेला पण माणूस गळपटला, हातपाय गार, अस्वस्थ किंवा सारखा झोपेत, पोट जोरात दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्या-नाकातून रक्त, काळी शी, बाईला पाळी नसताना किंवा जास्त अंगावर जाणं, चार-सहा तास लघवीच नाही, यातलं एक जरी असेल तर पेशी कितीही असोत, रात्रीचे दोन वाजले असोत, निघायचं. गरोदर बाई, तान्हं बाळ, म्हातारं माणूस, शुगरवाले यांनी एवढी वाटसुद्धा बघू नये.

घरी आहे तोवर पाणी, ओआरएस, ताक, पेज, भाताचं पाणी, थोडं थोडं सारखं. तापाला फक्त पॅरासिटामॉल, दोन डोसात निदान सहा तास. अंग दुखतं म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लो, ॲस्पिरिन काही नाही, पोटात रक्तस्राव करतात. घरातल्या हार्टच्या पेशंटची रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर ती मनानं बंद करू नका, डॉक्टरला दाखवा, ते ठरवतील.

फार्मसी_अंबाजोगाई
मेडिकल दुकान आहे माझं. मॅडम तुम्ही डायक्लोचं लिहिलं बरं झालं. आमच्याकडं गिऱ्हाईक येतं, "तापीची आन अंगदुखीची मिक्स गोळी द्या", चिठ्ठी नाही काही नाही. नाही दिली तर शेजारचा देतो. आन वाडी-तांड्यावर तर कंबरेत सुई घेतल्याशिवाय माणसाला बरंच वाटत नाही. एक सुई डायक्लोची, एक डेक्साची (स्टिरॉइडची), तासाभरात ताप गायब, डॉक्टर देव!

मांजराकाठ_डॉक्टर
तीच सुई. पेशी कमी असताना कंबरेत सुई म्हणजे आत रक्ताची गाठ. आणि डेक्सानं ताप उतरला की खरा ताप उतरला का औषधानं हेच कळत नाही, वर सांगितलेला धोक्याचा दिवस झाकला जातो. डेंग्यूत स्टिरॉइडचा उपयोग नाही. सलाईनचंही तेच, "ताकदीची" म्हणून तीन-तीन बाटल्या ओततात, गळती थांबल्यावर ते सगळं पाणी परत रक्तात येतं आणि फुफ्फुसात भरतं. सलाईन मोजून द्यायचं औषध आहे.

लॅबवाला_बीड
तपासणीबद्दल एक ॲड करतो. पहिल्या पाच दिवसात एनएस-१ (विषाणूचा अंश शोधणारी), पाचव्या दिवसानंतर आयजीएम (शरीरानं बनवलेल्या अँटिबॉडी शोधणारी). लोक पहिल्याच दिवशी आयजीएम करतात, निगेटिव्ह आलं की "डेंग्यू नाही" म्हणून गावभर फिरतात. आन कार्ड टेस्टवर सगळा भरवसा नको, सरकारी सेंटिनल (डेंग्यू तपासणीसाठी ठरवलेल्या) लॅबमधी एलायझा तपासणी होते तीच पक्की धरतात. आणखी एक, पेशी कमी म्हणजे डेंग्यूच असं काही नाही, मलेरियात होतात, लेप्टोत (लेप्टोस्पायरोसिसमधी) होतात, स्क्रब टायफसमधी होतात.

मांजराकाठ_डॉक्टर
स्क्रब टायफस आठवण केली हे छान केलं! गवतातल्या, झुडपातल्या बारीक किड्याच्या चाव्यानं होतो, पावसाळ्यानंतर, गवत कापणाऱ्या बायकांत जास्त. काखेत, जांघेत, ब्रेसियरच्या पट्ट्याखाली सिगारेटनं चटका दिल्यासारखी काळी खपली असते, दुखत नाही म्हणून कळत नाही, लाजेनं दाखवत नाहीत. डॉक्सिसायक्लिननं दोन-तीन दिवसात माणूस उठून बसतो, पण वेळेवर लक्षात आलं तर. डेंग्यू निगेटिव्ह आणि ताप आठवडाभर हटत नाही तर ही खपली घरच्यांनीच शोधा आणि सांगा.

तांड्यावरचा
घोणस चावल्यावरबी हिरड्यातून रगत येतं की, आमच्या इकडं ऊसतोडीला गेलेल्या गड्याला झालतं.

बालाघाटी
तो वेगळा विषय भाऊ, सर्पदंशाचा जुना धागा आहे तो वर काढा. इथं गल्लत नको.

पाटोदेकर_काका
मी तरी पान देणारच. पण ते पीसीव्हीचं लिहून घेतलं.

लातूरकर_गडी
मॅडम, भाच्याला परत होऊ शकतो का? एकदा झाला की होत नाही म्हणतेत.

मांजराकाठ_डॉक्टर
होऊ शकतो. डेंग्यूचे चार प्रकार आहेत, ज्याचा झाला त्याच्यापासून संरक्षण राहतं, बाकी तिघांपासून फक्त काही महिने. आणि दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकारचा झाला तर गंभीर व्हायची शक्यता जास्त. भाच्याला ताप आला तर पहिल्याच दिवशी डॉक्टरला सांगा की मागे डेंग्यू झालाय. ताप असेपर्यंत त्याला दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा, त्याला चावलेला डास पुढं घरातल्यांना देतो.

शेळीपालक_धाराशिव
धाग्याचं चीज झालं. आमच्या ग्रुपवर मी पशुधन साहेबांचं आन मॅडमचं लिहिलेलं टाकलं, दोघांनी ऑडिओ डिलीट केला, एक जण म्हणतोय "तू शेळ्यावाला, तू असंच म्हणणार". असो. कृषी सेवा केंद्रातून रबरी हातमोजे आणले, घरच्यांना दाखवून गोचिडाचा फिनेलचा डबाबी केला. साहेब एक विचारतो, सात-आठ शेळ्या गाभण आहेत, त्यांना गोचिडाचं औषध मारलं तर चालतं का?

पशुधन_रिटायर
गाभण शेळीला मनानं काही नको. काही औषधं चालतात काही नाही, कितवा महिना आन अंदाजे वजन सांगून दवाखान्यातून लिहून घ्या. दुभत्या शेळीला मारलं तर दूध किती दिवस वापरायचं नाही ते बाटलीवर लिहिलेलं असतं, ते पाळा, विशेषकरून तुमच्या त्या पाव लिटरवाल्या गिऱ्हाइकासाठी. तोवर गाभणीचे चिमट्यानं काढा आन गोठ्याच्या फटी आधी बुजवा. औषध मारताना शेळ्या बाहेर, सुकल्यावर आत.

जालन्याची_ताई
आरोग्य सेवक दादा, आमच्या घरी जमिनीतला हौद आहे, घासायला माणूस उतरत नाही. गप्पी मासे कुठं मिळतील? विकत घ्यावे लागतात का?

आरोग्यसेवक_एमपीडब्ल्यू
फुकट ताई. तुमच्या आरोग्य केंद्रात नाहीतर महापालिकेच्या हिवताप विभागात विचारा, त्यांची पैदासीची टाकी असते. रुंद तोंडाची बाटली घेऊन जा, झाकणाला भोकं पाडून, आन पाणी तुमच्याच हौदातलं न्या म्हणजे मासे बिचकत नाहीत. हौदात ब्लिचिंग टाकलं असंल तर आधी दोन दिवस जाऊ द्या. त्यांना खायला टाकू नका, पोळीचे तुकडे घातले की अळ्या खाणं सोडतात लबाड.